परदेशसेवा आणि तिचें माप

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त सभागृहांत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्युबिलीच्या या व्याख्यानमालेंत माझ्या आधींच्या वक्त्यांनीं आपणांस या देवळाचा इतिहास सांगितला, जुन्या धर्मगुरूंच्या आठवणी सांगितल्या, आणि गेल्या रविवारीं बॅंडाच्या हकिकतीनें तर हें सभागृह अपुरें पडलें. माझ्या वांट्यास आलेला विषय त्या मानानें रुक्ष आहे. परदेशीं सेवा करण्यास जाणाऱ्या मंडळ्यांनीं आपल्या कामाचा दर्जा कसा राखावा, आणि एकमेकींशीं सहकार्य कसें करावें, हा तो विषय. तो मला कां देण्यांत आला हें येथें बसलेल्यांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. तेव्हां आडपडदा न ठेवितां आरंभींच सांगतों. आपल्या युवकमंडळास एका परदेशी मंडळीकडून पत्र आलें आहे. कंबोडिया देशांतील एका बालकाश्रमांत दोन आठवडे सेवा करण्यासाठीं बारा तरुणतरुणींनीं यावें, असें त्यांत निमंत्रण आहे. खर्च ज्याचा त्यानें करावयाचा. मात्र ज्युबिली फंडांतून त्यास कांहीं साहाय्य मिळावें, अशी युवकमंडळाची विनंति कमिटीपुढें आहे. बारांपैकीं चौघांनीं पासपोर्टासाठीं अर्जहि केले आहेत. त्या चौघांत माझी पुतणी आहे. म्हणून मी जें बोलेन तें तिऱ्हाइताचें बोलणें आहे असें कोणीं समजूं नये.

दुसऱ्यांच्या चुका सांगण्यापूर्वीं माझी स्वतःची एक सांगतों. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे लातूर व उस्मानाबाद, म्हणजे हल्लींचा धाराशिव, या जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी व आसपासचीं गांवें झोपेंतच जमीनदोस्त झालीं. आठ हजारांच्या आसपास माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं मेलीं. बातमी येतांच आम्हीं दहाबारा तरुणांनीं घरोघर हिंडून कपडे गोळा केले, एक ट्रक मिळविला, आणि तिसऱ्या दिवशीं निघालों. मी त्या वेळीं वीस वर्षांचा होतों. आपण फार मोठें काम करीत आहों असें वाटत होतें; वाटेंत चहाच्या दुकानदारानें पैसे घेण्याचें नाकारलें, तेव्हां तर छाती फुगून आली.

तेथें पोहोंचलों तों रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग चिखलांत पडलेले. आमच्या आधीं पुष्कळ ट्रक येऊन गेले होते, आणि त्या सर्वांत बहुतेक हेंच होतें. आमच्या ट्रकांत कोट होते, फ्रॉक होते, कोणा वधूचा एक पांढरा गाऊनसुद्धां होता. नऊवारी लुगडें मात्र एकहि नव्हतें. पत्र्याच्या आडोशाला बसलेल्या एका म्हातारीनें आमच्याकडे पाहून विचारलें, “लेकरा, काडेपेटी हाय का?” आमच्याजवळ नव्हती. आमच्यांतले जे दोघे विडी ओढीत, त्यांनीं खिशांतल्या पेट्या काढून दिल्या. त्या दिवशींची आमची खरी मदत, माझ्या मतें, तेवढीच झाली. परततांना कळलें कीं शेजारच्या दोन धर्मग्रामांतूनहि ट्रक निघाले होते. त्यांत काय होतें तें सांगावयास नकोच. आम्हीं ना त्यांस विचारलें होतें, ना किल्लारीच्या कोणास.

हें आपल्याच राज्यांत, आपल्याच भाषेच्या लोकांत घडलें. जेथें भाषा ठाऊक नाहीं, देवधर्म ठाऊक नाहीं, पिण्याचें पाणी कोणीकडे तेंहि ठाऊक नाहीं, अशा ठिकाणीं समुद्र ओलांडून जाणाऱ्यांची गोष्ट किती अधिक बिकट असेल!

तरीहि परदेशीं जाऊन सेवा करणें ही वाईट गोष्ट आहे असें माझें म्हणणें नाहीं. उलट चांगले दाखले आपल्या अगदीं जवळ आहेत. १९३८ सालीं जपाननें चीनवर केलेल्या स्वारींत चिनी सेनापति चू-तेह यांनीं हिंदुस्थानाकडे वैद्यकीय मदतीची मागणी केली, आणि राष्ट्रसभेनें पांच डॉक्टर पाठविले: अटल, चोळकर, कोटणीस, बसु व मुखर्जी. चोळकर नागपूरचे, द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, वयानें अठ्ठाविशीच्या आंतले. मला या हकिकतींत तीन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या वाटतात. मागणी डॉक्टरांची होती आणि गेले तेहि डॉक्टरच. तेथें गेल्यावर ते आपलें निराळें निशाण लावून बसले नाहींत, चिनी लोकांच्या व्यवस्थेखालीं त्यांनीं काम केलें. आणि कोटणीस चिनी भाषा शिकले. बाकीचे एकामागून एक परत आले, कोटणीस राहिले. १९४१ सालीं डॉ. बेथून यांच्या नांवानें चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, तेथील एका परिचारिकेशीं त्यांनीं विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं तेथेंच त्यांचा अंत झाला. शांतारामांच्या चित्रपटामुळें ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण चित्रपटांत भाषा शिकण्यासाठीं घालविलेले महिने कोण दाखवील?

दुसरा दाखला परदेशांतून आपल्याकडे आलेल्यांचा. पिएर सेरेसोल हा स्वित्झर्लंडचा एंजिनियर. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० सालीं, त्यानें व्हर्दूंजवळच्या एस्न या उद्ध्वस्त फ्रेंच खेड्यांत निरनिराळ्या देशांच्या स्वयंसेवकांची एक लहान तुकडी नेली. तींत जर्मनहि होते. कालच्या शत्रूंनीं एकत्र घरें बांधावीं हा त्याचा हेतु. परंतु तेथील लोकांच्या मनाची तयारी झाली नव्हती, आणि कांहीं महिन्यांतच तुकडीस निघून जावें लागलें. हेतु उत्तम होता. ज्यांच्यासाठीं होता त्यांचा होकार मात्र पुरा मिळाला नव्हता. पुढें १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत मोठा भूकंप झाला, तेव्हां हाच सेरेसोल मोजके सोबती घेऊन मुजफ्फरपूरकडे आला. या खेपेस तो आधीं राजेंद्रबाबूंसारख्या तेथील कार्यकर्त्यांस भेटला, त्यांच्या मतानें चालला, आणि पुराचें पाणी पोहोंचणार नाहीं अशा उंच जागीं खेडीं नव्यानें वसविण्याच्या कामास लागला. तें काम कांहीं वर्षें चाललें. एस्नमध्यें जें शिकला तें मुजफ्फरपुरांत उपयोगी पडलें असावें, असा माझा आपला तर्क.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कामाचें स्वरूप पालटलें. १९५८ सालीं इंग्लंडांत, १९६१ सालीं अमेरिकेंत, आणि मागोमाग इतर देशांत मोठमोठ्या संस्था निघून हजारों तरुण आफ्रिका, आशिया व दक्षिण अमेरिका यांकडे जाऊं लागले. आणि त्याबरोबरच पहिली तीव्र टीकाहि आली, ती एका कॅथोलिक धर्मगुरूकडून. इव्हान इलिच हे व्हिएन्नांत जन्मलेले धर्मगुरु मेक्सिकोंतील कुएर्नावाका येथें मिशनऱ्यांस स्पॅनिश भाषा शिकविण्याची संस्था चालवीत. २० एप्रिल १९६८ रोजीं उन्हाळी सेवेसाठीं निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढें त्यांनीं जें भाषण केलें, तें ऐकून त्या मुलांचे चेहरे उतरले असतील. त्यांचा आशय असा, कीं तुम्ही येथें पाहण्यास या, शिकण्यास या, डोंगर चढण्यास या. मदत करण्यास मात्र येऊं नका. ज्या खेडुताशीं तुम्हांला दोन वाक्यें बोलतां येत नाहींत, त्याचें भलें तुम्ही काय करणार? मी इलिच यांच्याशीं सर्वस्वीं सहमत नाहीं. कोटणीसांचें उदाहरण डोळ्यांपुढें असतां ‘येऊंच नका’ असें मला म्हणवत नाहीं. पण किल्लारीचा तो पांढरा गाऊन आठवला, कीं त्यांचें म्हणणें अगदींच सोडूनहि देववत नाहीं.

आतां मुख्य प्रसंगाकडे येतों. १९९४ सालीं रुवांडांत एप्रिलपासून जुलैपर्यंत जी कत्तल झाली, तींत सुमारें आठ लाख माणसें मारलीं गेलीं. जुलैच्या मध्यास, राजवट पालटतांच, अवघ्या कांहीं दिवसांत आठनऊ लाख लोक सरहद्द ओलांडून तेव्हांच्या झैरे व हल्लींच्या कांगो देशांतील गोमा या शहरापाशीं जाऊन पडले. गोमाची जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्याची; पहार मारली तरी खड्डा पडत नाहीं. शौचकूप खणावयाचे कसे? पिण्यास पाणी किवू सरोवराचें, आणि त्याच्याच कांठीं लाखों लोक बसलेले. आठवड्याच्या आंत पटकी सुरू झाली. पहिल्या महिन्यांतच पन्नास हजारांच्या आसपास माणसें दगावलीं.

मदतीस कोणी गेलें नाहीं असें झालें नाहीं, आणि हीच त्या प्रसंगाची शोचनीय बाजू आहे. दोनशेंहून अधिक संस्था त्या भागांत लोटल्या. वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार तेथें होते, देणगीदारांचे डोळे तेथें लागले होते, म्हणून प्रत्येकीस आपला तंबू व आपला झेंडा दिसावयास हवा होता. कांहीं संस्थांनीं फार मोलाचें काम केलें. कांहींनीं एखादें काम अंगावर घेतलें आणि तें निभावलें नाहीं. त्या भरंवशावर दुसऱ्या कोणीं तिकडे लक्ष दिलें नाहीं, आणि मधल्यामध्यें माणसें मेलीं. कांहींजवळ उत्साहापलीकडे दुसरें कांहींच नव्हतें. १९९६ सालीं अनेक देशांनीं व संस्थांनीं मिळून या सर्व मदतीची चौकशी करविली; तिच्या अहवालांत या गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. आपलीच चौकशी आपणच करवून ती छापावी, यास धैर्य लागतें, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

या अनुभवांतून जें निघालें त्याला मी माप म्हणतों. आपल्या आजोबांच्या काळीं गांवोगांवची पायली निराळी असे, आणि तांदूळ घेणारा फसला तरी त्याला तक्रार करावयास जागा नव्हती. मदतीच्या कामांतहि १९९७ पर्यंत तेंच चालत होतें. त्या सालीं रेड क्रॉसच्या परिवारानें व अनेक संस्थांनीं मिळून ‘स्फिअर’ या नांवानें मापें ठरविण्याचें काम हातीं घेतलें. त्यांचें पुस्तक २००० सालीं निघालें, आणि पुढें सुधारतां सुधारतां २०१८ सालीं त्याची चौथी आवृत्ति आली. त्यांत काय आहे? निर्वासितांच्या छावणींत दर माणशीं दर दिवशीं निदान पंधरा लिटर पाणी मिळावें. एका नळावर अडीचशेंहून अधिक माणसें नसावींत. वीस माणसांमागें एक शौचकूप असावा, आणि तो स्त्रियांस रात्रींहि निर्भयपणें वापरतां यावा. डोक्यावर छप्पर असलेली जागा माणशीं साडेतीन चौरस मीटर असावी. ऐकावयास हें म्युनिसिपालिटीच्या नोटिशीसारखें वाटेल. पण गोमा येथें हेंच नव्हतें. आणि असें माप छापलें गेलें, कीं छावणींतला अशिक्षित मनुष्यहि बोट दाखवून म्हणूं शकतो, ‘पंधरा लिटर सांगितलें आहे, आम्हांस सहाच मिळतें.’ दात्याच्या मर्जीवर असलेली गोष्ट घेणाऱ्याच्या हक्काची होते.

त्यापूर्वींच, १९९४ सालीं, रेड क्रॉस व कांहीं संस्थांनीं दहा कलमांची एक आचारसंहिता मान्य केली होती. मान्य करणाऱ्यांत आपली कारितास इंटरनॅशनॅलिस होती, हें या सभेंत आवर्जून सांगतों. तिच्या कलमांपैकीं एक असें, कीं मदत देतांना कोणताहि राजकीय किंवा धार्मिक पक्ष पुढें रेटावयाचा नाहीं. भाकरीच्या बदल्यांत कोणाची श्रद्धा विकत घ्यावयाची नाहीं, असा त्याचा अर्थ. आणि कॅथोलिक संस्थेनें त्यावर सही केली. आपल्या देशांत या विषयावर केवढा गहजब होतो, तें आपण जाणतां. तेव्हां अशी सही आहे हें आपल्याला ठाऊक असणें बरें. पुढें २०१४ सालीं नऊ वचनांचें एक सर्वसामान्य मानक तयार झालें व २०२४ सालीं तें सुधारलें. त्यांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तक्रारीची तरतूद: मदत घेणाऱ्यास तक्रार करतां आली पाहिजे, आणि तिचें उत्तर मिळालें पाहिजे.

डॉक्टरांच्या बाबतींत हाच धडा १२ जानेवारी २०१० च्या हायतीच्या भूकंपानंतर मिळाला. शस्त्रवैद्यांच्या तुकड्या धांवून गेल्या. पण कित्येकांचे हातपाय कापले गेले त्याची धड नोंद राहिली नाहीं, आणि मागाहून त्या रोग्यांकडे पाहणारा कोणी नव्हता. म्हणून २०१३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अशा तुकड्यांचे वर्ग पाडले. शस्त्रक्रिया करणाऱ्या तुकडीनें निदान वीस खाटा आणाव्यात, रोज सात मोठ्या किंवा पंधरा लहान शस्त्रक्रिया करण्याची तिची तयारी असावी, आणि आपलें अन्नपाणी आपण न्यावें. भुकेल्याच्या घरीं पाहुणा म्हणून जाऊं नये. हें शेवटचें कलम तर आपल्या कोणत्याहि आजीनें सांगितलें असतें.

या सर्वांत दोष नाहींत असें नव्हे. मापांची वहीच इतकी जाड होते, कीं ती भरण्यास पगारी कारकून लागतो. तो श्रीमंत देशांच्या संस्थांना परवडतो, आणि जागेवरच्या गरीब संस्थेस, जी खरें काम करते, तिला परवडत नाहीं. कधीं छावणींत पंधरा लिटर मिळतें आणि कुंपणाबाहेरच्या गांवकऱ्यास पांचहि मिळत नाहीं. मग भांडणें होतात. शिवाय ही मापें कायदा नव्हेत, ज्यानें त्यानें आपखुशीनें पाळावयाचीं. पण माप खोटें ठरूं शकतें म्हणून ओंजळीनें विकावें, असें कोणी वाणी म्हणणार नाहीं.

आतां त्या पत्राकडे वळतों. कंबोडियांत पोल पॉटची राजवट १९७९ सालीं संपली. त्या हत्याकांडानें अनाथ झालेलीं मुलें आज आजीआजोबांच्या वयाचीं आहेत. असें असतां २००५ ते २०१० या पांच वर्षांत तेथील बालकाश्रमांची संख्या सुमारें पाऊणपटीनें वाढली. आणि २०११ च्या सुमारास युनिसेफच्या साहाय्यानें झालेल्या पाहणींत असें दिसून आलें, कीं त्यांतील दर चार मुलांमागें सुमारें तिघांचा बाप किंवा आई हयात आहे. मग अनाथ नसलेलीं मुलें अनाथाश्रमांत कां? कारण परदेशांतून प्रवासी येतात, स्वयंसेवक येतात, पैसे देतात. आणि त्यांना दाखविण्यास मुलें लागतात. गरीब आईस कोणी सांगतें, कीं मुलाला शाळा मिळेल, पोटभर जेवण मिळेल. ती देते. कोणती आई देणार नाहीं? ज्या पैशांत तें मूल घरींच शिकलें असतें, तो पैसा त्याला घरापासून दूर ठेवण्यांत खर्च होतो. आणि दर पंधरवड्यास नवा दादा, नवी ताई येते, गळ्यांत हात घालते, छायाचित्र काढते, रडत निरोप घेते. ती रडून विमानांत बसते. पण मुलास पुढच्या सोमवारीं पुन्हां नव्या ताईस हंसून दाखवावयाचें असतें. कंबोडिया सरकारनें पुढें अशा मुलांस घरीं परत पोहोंचविण्याचें काम हातीं घेतलें. आस्ट्रेलियानें २०१८ सालीं आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हां अनाथाश्रम भरण्यासाठीं मुलें नेणें हाहि गुलामगिरीचाच प्रकार, असें तेथें मानलें गेलें. हायतीच्या भूकंपानंतर तर एका ख्रिस्ती मंडळीचे दहाजण तेहतीस मुलें घेऊन सरहद्द ओलांडण्याच्या बेतांत असतां पकडले गेले; तीं मुलें अनाथ नव्हतींच असें पुढें निघालें. त्या दहांनीं रात्रीं प्रार्थना केली नसेल असें मला वाटत नाहीं.

आपल्याला आलेल्या पत्रांतील आश्रम असाच आहे, असें म्हणण्यास माझ्याजवळ पुरावा नाहीं. तो चांगलाहि असेल. पण पत्र मीं दोनदां वाचलें. त्यांत आमच्या मुलांचा पासपोर्ट क्रमांक मागितला आहे, अंगांत घालावयाच्या टी-शर्टाचा आकार मागितला आहे. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितलेला नाहीं. आपल्या शाळेंत शिपाई नेमावयाचा झाला तरी आपण दाखला पाहतों. कोणतें काम करावयाचें तें लिहिलेलें नाहीं, भाषेचा उल्लेख नाहीं, मुलांचे आईबाप कोठें आहेत याविषयीं एक अक्षर नाहीं. आणि आणखी एक गोष्ट. गेल्या आठवड्यांत मी सहज शेजारच्या धर्मग्रामाच्या चिटणिसांस भेटलों. त्यांनाहि तेंच पत्र आलें आहे. त्याच्या पलीकडच्या धर्मग्रामासहि आलें आहे. तिन्हीं पत्रांत एकाच मुलीचें छायाचित्र आहे, आणि तिन्हीं ठिकाणीं ‘आपल्याच धर्मग्रामाची निवड केली आहे’ असें लिहिलें आहे.

सहकार्य तें हेंच. त्यासाठीं परिषदा लागतातच असें नाहीं. किल्लारीच्या वेळीं आम्हीं तिघांनीं एकमेकांस एक निरोप पाठविला असता, तर एका ट्रकांत लुगडीं गेलीं असतीं, एकांत भांडीं आणि एकांत रॉकेल व काडेपेट्या. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामींत सव्वादोन लाखांवर माणसें मेलीं, आणि पैसा तर इतका आला कीं कोणी काय करावें याचा मेळ बसेना. त्या मदतीचीहि २००६ सालीं संस्थांनीं एकत्र चौकशी करविली. पहिल्या दिवसांत जीव वांचविले ते बहुतांशीं तेथल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं, आणि बाहेरून आलेल्यांनीं पुष्कळदां त्यांनाच बाजूस सारलें, असा तिचा निष्कर्ष. २००५ पासून संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेंत पाणी, निवारा, आरोग्य अशा एकेका कामाची मोट बांधून तिला एक जबाबदार संस्था नेमण्याची पद्धत पडली. गैरवर्तन करून एका संस्थेंतून निघालेला मनुष्य दुसरींत नोकरीस लागूं नये, म्हणून २०१९ पासून कित्येक संस्था एकमेकींस तशी माहिती कळवितात. ही गोष्ट लहान दिसते, पण यामुळें किती मुलेंबाळें वांचलीं असतील!

स्वयंसेवक पाठविणाऱ्या संस्थांपुरतें बोलावयाचें तर मला आयर्लंडचें उदाहरण फार आवडतें. परदेशांतून सेवा करून परतलेल्या लोकांनींच तेथें १९७५ सालीं ‘कोलाव’ ही संस्था काढली. आयरिश भाषेंत त्या नांवांत हातांत हात असा भाव आहे. पाठविणाऱ्या संस्थांसाठीं तिनें एक आचारसंहिता तयार केली. जे स्वतः जाऊन आले, चुकले, शिकले, त्यांनीं पुढच्यांसाठीं नियम लिहिले. २०१९ सालीं अनेक देशांच्या संस्थांनीं मिळून सर्व जगासाठीं एक मानक प्रसिद्ध केलें, आणि तें केलें रुवांडाच्या राजधानींत, किगालींत. त्याचे चार भाग: काम कसें ठरवावें, कोणास इजा होऊं नये म्हणून काय काळजी घ्यावी, स्वयंसेवकांची निवड व देखरेख कशी करावी, आणि केलेल्या कामाचा खरोखर उपयोग झाला कीं नाहीं तें कसें पहावें. पहिल्या भागांतच सर्व आलें असें मला वाटतें. काम तेथल्या लोकांनीं सांगितलेलें असावें, आपल्या सुट्टीच्या सोयीनें ठरलेलें नसावें.

परवां बाजारांत एका वडील माणसानें मला अडवून म्हटलें, “देवाचें काम, त्यांत कागद कशाला? प्रेमाला कसलें माप?” त्यांच्याविषयीं मला आदर आहे, म्हणून उत्तर जपून देतों. प्रेषितांच्या काळींहि, ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांस रोजच्या वांटणींत वगळलें जातें अशी कुरकुर झाली होती. प्रेषितांनीं त्यांस ‘श्रद्धा धरा’ असें सांगून वाटेस लाविलें नाहीं; सात माणसें नेमून व्यवस्था सुधारली, आणि त्या सातांचीं नांवें पाहिलीं तर तीं सगळीं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हातीं वांटणी दिली! आणि संत पौलानें यरुशलेमच्या गरिबांसाठीं मासेदोनिया व करिंथ येथून वर्गणी जमविली, तेव्हां ती एकट्यानें नेली नाहीं. कोणीं दोष ठेवूं नये म्हणून मंडळ्यांनीं निवडलेला माणूस सोबत घेतला. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय घरीं जाऊन पहावा. ती परदेशीं पाठविलेली मदतच होती, आणि हिशेब अगदीं चोख होता.

आतां कमिटीपुढें माझें म्हणणें ठेवतों. ज्युबिली फंडांतून या सफरीस तूर्त कांहीं देऊं नये. पत्र पाठविणाऱ्यांस आपण सरळ प्रश्न विचारावे: आश्रमांत किती मुलें आहेत, त्यांपैकीं कितींचे आईबाप जिवंत आहेत आणि मुलें घरीं कधीं जातात, कंबोडिया सरकारची परवानगी आहे काय, तुम्ही कोणतें मानक पाळतां आणि तें पाळतां कीं नाहीं हें कोण तपासतें, आमच्या मुलांनीं दिलेल्या पैशांतला किती भाग तेथें पोहोंचतो, आणि मुलांच्या वस्तींत अनोळखी माणसांस दाखल्यावांचून कां घेतां. प्रश्नांचें पत्र तिन्हीं धर्मग्रामांच्या सहीनें जावें. शेजारच्या दोन्हीं चिटणिसांनीं तशी संमति दिली आहे.

तरुणांचा उत्साह मारावा असा माझा हेतु नाहीं. पण याच सभागृहांत, मागच्या बाकावर, अशा एक बाई बसल्या आहेत कीं ज्यांनीं तीस वर्षें प्रसूतिगृहांत परिचारिकेचें काम केलें. केनियांतील भगिनींच्या एका रुग्णालयानें त्यांस दोन वर्षांसाठीं, तेथल्या मुलींस सुइणीचें काम शिकविण्याकरितां बोलाविलें आहे. रुग्णालयानेंच मागणी केली आहे, काय शिकवावयाचें तें लिहून कळविलें आहे, सहा महिने अगोदर स्वाहिली शिकण्याची अट घातली आहे, आणि पोलिसांचा दाखलाहि मागविला आहे. बाई रोज संध्याकाळीं स्वाहिलीचे धडे गिरवीत आहेत. शेजारचीं मुलें त्यांस हंसतात. अडलें आहे तें विमानाच्या भाड्यावर. बारा तरुणांस जें साहाय्य मागितलें आहे त्याच्या निम्म्यांतहि तें भागेल. त्यांनीं आपलें नांव घेऊं नये असें मला बजावलें आहे, म्हणून घेत नाहीं.

माझ्या पुतणीनें पहिल्यानें माझ्याशीं चार दिवस अबोला धरिला. मग एका रात्रीं येऊन म्हणाली, “काका, ते प्रश्न मला द्या, मी इंग्रजींत लिहितें; तुमचें इंग्रजी त्यांना कळायचें नाहीं.” तिनें लिहिलें आहे, आणि एक प्रश्न स्वतःचा जोडला आहे: छायाचित्रांतल्या त्या मुलीचें नांव काय, आणि तिचें छायाचित्र छापण्यापूर्वीं तिच्या आईस कोणीं विचारलें होतें काय. पत्राचा मसुदा चिटणिसांच्या टेबलावर ठेविला आहे. कमिटीची बैठक पुढच्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. तोंपर्यंत ज्यांस तो वाचावयाचा असेल त्यांनीं वाचावा, आणि जेथें चुकलें असेल तेथें पेन्सिलीनें खूण करावी.